घटक ३ : निकोलाय त्रुबेत्स्कॉय – जीवन आणि स्वनिमविचार

३.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून देता येईल.
• स्वन, स्वनिम आणि स्वनांतर या संकल्पनांतील फरक मराठीतील उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• स्वनिमांमधील विरोधाचे प्रमुख प्रकार सांगता येतील.
• भेदलोप म्हणजे काय आणि मराठी लेखनात त्याच्या खुणा कोठे दिसतात, हे सांगता येईल.
• स्वतःच्या बोलीच्या उच्चारांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वागिंद्रियांची रचना आणि स्वनांचे वर्गीकरण यांचा परिचय करून घेतला. आता एक छोटा प्रयोग करून पाहा. 'पंगत', 'पंचमी', 'घंटा' आणि 'अंत' हे चार शब्द सावकाश म्हणा आणि अनुस्वाराच्या जागी जीभ कोठे टेकते याकडे लक्ष द्या. पहिल्या शब्दात जिभेचा मागचा भाग मृदुतालूला टेकतो, दुसऱ्यात मधला भाग कठोर तालूला टेकतो, तिसऱ्यात टोक मागे वळते आणि चौथ्यात ते दातांना टेकते. म्हणजे हे चार वेगवेगळे स्वन आहेत. तरीही आपण ते आयुष्यभर उच्चारतो आणि त्यांच्यातील फरक आपल्या ध्यानातही येत नाही.

आता 'काल' आणि 'काळ' हे शब्द म्हणा. येथेही फरक जिभेच्या स्थानाचाच आहे. परंतु हा फरक कोणाही मराठी माणसाला तत्काळ जाणवतो, कारण त्याने शब्द बदलतो आणि अर्थ बदलतो. जिभेच्या एका हालचालीकडे कान दुर्लक्ष करतो आणि तशाच दुसऱ्या हालचालीला मात्र तो इतके महत्त्व देतो, असे का होते? केवळ वागिंद्रियांच्या अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी त्या भाषेची व्यवस्था पाहावी लागते.

या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर ज्यांनी दिले, त्यांत त्रुबेत्स्कॉय यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. स्वनिमाची कल्पना त्यांची एकट्याची नव्हे. कझान येथे बोदुएँ द कुर्तने आणि त्यांचे शिष्य क्रुशेव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तिची मांडणी सुरू केली होती. भाषेत महत्त्व असते ते परस्परभेदांना, हा सोस्यूर यांचा विचारही १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. त्रुबेत्स्कॉय यांनी या कल्पनांना शास्त्राची शिस्त, परिभाषा आणि अनेक भाषांचा आधार दिला. हे काम त्यांनी कोणत्या परिस्थितीत केले, हे पाहिल्यास त्यांचा विचारही अधिक चांगला समजतो. म्हणून या घटकात आपण त्यांचे जीवन आणि त्यांच्या संकल्पना यांचा एकत्रित अभ्यास करणार आहोत.

३.३ विषयविवेचन

३.३.१ बालपण आणि भाषांची ओढ

निकोलाय सेर्गेयेविच त्रुबेत्स्कॉय यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी मॉस्को येथे झाला. त्यांचे घराणे रशियातील जुन्या सरदार घराण्यांपैकी एक होते. वडील सेर्गेई त्रुबेत्स्कॉय हे तत्त्वज्ञ आणि मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक होते. १९०५ साली ते त्या विद्यापीठाचे निर्वाचित प्रमुख झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले. निकोलाय तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

त्याच वर्षी त्यांचा पहिला लेख एका मानववंशविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता फिनिश लोकगीतातील प्राचीन श्रद्धांचे अवशेष. शालेय वयातच ते मॉस्कोतील मानववंश अभ्यासकांच्या सभांना जाऊन बसत. लोकगीते आणि विधी यांच्या अभ्यासातून ते भाषांकडे वळले. फिनिश, सैबेरियातील भाषा आणि कॉकेशस पर्वतप्रदेशातील भाषा यांनी त्यांना विशेष आकर्षित केले.

कॉकेशसमधील भाषांचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. विद्यार्थिदशेत त्रुबेत्स्कॉय यांनी त्या प्रदेशात जाऊन चेर्केस बोलींची माहिती गोळा केली. त्या प्रदेशाच्या वायव्य भागातील भाषांत व्यंजनांची संख्या फार मोठी आणि स्वरांची फार लहान असते. ऐकणाऱ्याला मात्र स्वर पुष्कळ ऐकू येतात. शेजारचे व्यंजन ओठ गोल करून उच्चारायचे असेल तर स्वरही गोलसर होतो. व्यंजन तालव्य असेल तर स्वर पुढे सरकतो. कानाला ऐकू येणारे स्वर अनेक आणि शब्दांचा अर्थ बदलणारे स्वर मोजके, अशी ही स्थिती आहे. पुढे स्वरव्यवस्थांचे प्रकार सांगताना त्यांनी या भाषांना एक स्वतंत्र प्रकार म्हणून स्थान दिले. त्यांच्या स्वरांत केवळ मुख किती उघडते याचा भेद महत्त्वाचा असतो; जीभ पुढे की मागे, हा भेद महत्त्वाचा नसतो.

३.३.२ मॉस्को आणि लाइपझिग

१९०८ साली त्रुबेत्स्कॉय यांनी मॉस्को विद्यापीठात प्रवेश घेतला. आरंभी त्यांनी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हे विषय घेतले होते. नंतर ते तौलनिक भाषाशास्त्राकडे वळले. १९१३-१४ मध्ये ते जर्मनीतील लाइपझिग येथे गेले. ब्रुगमान आणि लेस्कीन हे नव-व्याकरणकारांच्या संप्रदायातील ज्येष्ठ अभ्यासक तेथे शिकवत होते. संस्कृत आणि अवेस्ता यांचा अभ्यास त्यांनी तेथे केला. पुढे अमेरिकन भाषाविज्ञानाचे अध्वर्यू ठरलेले लेनर्ड ब्लूमफील्ड हेही त्याच सुमारास लाइपझिगला शिकत होते.

नव-व्याकरणकारांची शिस्त कठोर होती. ध्वनिपरिवर्तन नियमबद्ध असते, हे त्यांचे प्रमुख तत्त्व होते. या शिस्तीचा त्रुबेत्स्कॉय यांना मोठा लाभ झाला. परंतु या पद्धतीत प्रत्येक ध्वनीचा इतिहास सुटा सुटा पाहिला जाई. एक ध्वनी बदलला की त्याच्या शेजारच्या ध्वनींचे काय होते, संपूर्ण व्यवस्थेत कोणता बदल होतो, या प्रश्नांना तेथे पुरेशी जागा नव्हती. मॉस्कोला परतल्यावर १९१५ पासून त्यांनी विद्यापीठात संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्र शिकवण्यास प्रारंभ केला. त्याच काळात स्लाव्ह भाषांच्या पूर्वेतिहासाची मांडणी कोणत्या पद्धतीने करावी, यावर त्यांनी ज्येष्ठ अभ्यासक शाखमातोव यांच्या मतांचे परखड परीक्षण केले. रोमान याकोब्सन या तरुण अभ्यासकाशी त्यांची ओळखही मॉस्कोतच झाली. या ओळखीला पुढे फार मोठे फळ आले.

३.३.३ स्थलांतर आणि हरवलेली हस्तलिखिते

१९१७ साली त्रुबेत्स्कॉय प्रकृतीच्या कारणाने कॉकेशसमधील किस्लोवोद्स्क येथे गेले होते. त्याच वेळी रशियात क्रांती झाली आणि पाठोपाठ यादवी युद्ध पेटले. मॉस्कोला परतणे अशक्य झाले. सरदार घराण्यातील माणसाला तेव्हा जिवाचाच धोका होता. तिफ्लिस, बाकू अशी भटकंती करत ते दोन-अडीच वर्षे दक्षिण रशियात राहिले. १९१८ मध्ये दोन नदीवरील रोस्तोव येथील विद्यापीठात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. परंतु १९१९ च्या अखेरीस तेही शहर सोडावे लागले.

शहर सोडताना ग्रंथ आणि टिपणे मागे राहिली. स्लाव्ह भाषांचा पूर्वेतिहास आणि उत्तर कॉकेशसमधील भाषांची तुलना, या दोन्ही विषयांवरील अनेक वर्षांचे काम त्यात होते. कॉन्स्टँटिनोपलमार्गे १९२० साली ते बल्गेरियातील सोफिया येथे पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ राहिले ते स्मरणातले. सोफिया विद्यापीठात त्यांनी दोन वर्षे अध्यापन केले. १९२२ साली व्हिएन्ना विद्यापीठात स्लाव्ह भाषाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

सोफिया येथे असतानाच, १९२० साली, त्यांनी युरोप आणि मानवजात यांविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपीय संस्कृती हीच सर्व मानवजातीची संस्कृती आणि इतर समाज तिच्या खालच्या पायऱ्यांवर उभे आहेत, या समजुतीला त्यांनी त्यात आव्हान दिले. रशियाच्या भवितव्याविषयी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला राजकीय विचार वादग्रस्त ठरला. त्याची चर्चा हा आपला विषय नाही. परंतु संस्कृतींची उच्च-नीच उतरंड लावण्यास त्यांचा असलेला विरोध आपण लक्षात ठेवावा, कारण त्यांच्या भाषाविचारातही तोच दृष्टिकोन दिसतो आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांशीही त्याचा संबंध आहे.

३.३.४ व्हिएन्ना आणि प्राग : स्वन आणि स्वनिम

१९२६ साली व्हिलेम माथेसियस यांच्या पुढाकाराने प्राग येथे भाषाभ्यासकांचे मंडळ स्थापन झाले. ते प्राग संप्रदाय म्हणून प्रसिद्ध आहे. याकोब्सन प्रागच्या परिसरात आणि त्रुबेत्स्कॉय व्हिएन्नात राहत होते. दोघांमध्ये सतत पत्रव्यवहार चाले आणि त्रुबेत्स्कॉय मंडळाच्या कामात सहभागी होत. १९२८ साली हेग येथे भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास कसा करावा, याविषयीचे निवेदन याकोब्सन यांनी तेथे मांडले. त्याला त्रुबेत्स्कॉय आणि कार्त्सेव्स्की यांनी अनुमोदन दिले होते. स्वनिमविज्ञान हे स्वतंत्र शास्त्र म्हणून जगापुढे आले ते या परिषदेत.

याच सुमारास त्रुबेत्स्कॉय यांनी स्मरणात असलेल्या तिसाहून अधिक भाषांच्या स्वरव्यवस्था एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या. या व्यवस्था मोजक्या नमुन्यांत बसतात आणि त्यांत एक प्रकारची सममिती असते, असे त्यांच्या ध्यानात आले. १९२९ साली त्यांनी हा विचार प्रबंधरूपाने प्रसिद्ध केला.

आता मूळ संकल्पना पाहू. स्वन ही प्रत्यक्ष उच्चारली जाणारी आणि मोजता येणारी घटना आहे. काटेकोरपणे पाहिल्यास एकाच व्यक्तीने दोनदा उच्चारलेला 'प'देखील अगदी तंतोतंत सारखा नसतो. स्वनांचे उच्चारण, प्रसरण आणि श्रवण यांचा अभ्यास स्वनविज्ञान करते. स्वनिम हा मात्र विशिष्ट भाषेच्या व्यवस्थेचा घटक आहे. ज्या ध्वनिभेदाने त्या भाषेत शब्दाचा अर्थ बदलू शकतो, तो अर्थभेदक विरोध होय. अशा विरोधात उभा असणारा आणि आणखी लहान क्रमागत घटकांत न विभागता येणारा घटक म्हणजे स्वनिम. त्रुबेत्स्कॉय यांनीही आरंभी स्वनिमाची व्याख्या बोलणाऱ्याच्या मनातील ध्वनिप्रतिमेच्या आधारे केली होती. पुढे त्यांनी ती सोडून दिली आणि भाषेतील कार्य हाच निकष मानला. मनात काय आहे हे तपासता येत नाही; शब्द बदलतो की नाही हे मात्र तपासता येते.

ही तपासणी करण्याचे नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) दोन स्वन एकाच जागी येतात आणि त्यांची अदलाबदल केल्यास शब्दाचा अर्थ बदलतो, तेव्हा ते भिन्न स्वनिमांचे असतात. 'ताट' आणि 'थाट', 'दार' आणि 'धार', 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' या जोड्या पाहा. प्रत्येक जोडीत एकाच ध्वनीचा फरक आहे. अशा जोडीला लघुतम जोडी म्हणतात.

(२) दोन स्वन एकाच जागी येतात. परंतु अदलाबदल करूनही शब्द तोच राहतो, तेव्हा ती एकाच स्वनिमाची वैकल्पिक रूपे असतात. 'वारा' म्हणताना कोणी खालचा ओठ वरच्या दातांजवळ नेतो, तर कोणी दोन्ही ओठच जवळ आणतो. शब्द मात्र बदलत नाही.

(३) परस्परांशी साम्य असलेले दोन स्वन कधीच एका जागी येत नाहीत, एकाची जागा जेथे संपते तेथे दुसऱ्याची सुरू होते, तेव्हा ती एकाच स्वनिमाची परिसरनिष्ठ रूपे असतात. यालाच पूरक विनियोग म्हणतात. 'पंगत'मधील कंठ्य आणि 'अंत'मधील दंत्य अनुनासिक हे असे आहेत. अशा रूपांना आपण स्वनांतरे म्हणतो.

प्रस्तावनेतील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. 'पंगत' आणि 'अंत' यांतील अनुनासिकांचा फरक शेजारच्या व्यंजनामुळे पडतो. तो मराठीत स्वतःहून अर्थ बदलत नाही. 'ल' आणि 'ळ' यांचा फरक अर्थ बदलतो. म्हणून पहिल्याकडे आपला कान दुर्लक्ष करतो आणि दुसरा टिपतो.

लेखनात भेद दिसतो म्हणून स्वनिमभेद असतोच असे नाही, आणि लेखनात दिसत नाही म्हणून तो नसतोच असेही नाही. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी आपण तालव्य उच्चारतो. 'तू जग' या आज्ञार्थी रूपात तोच 'ज' दंततालव्य होतो. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, यांतही हाच भेद आहे. देवनागरीत त्याला स्वतंत्र चिन्ह नाही. परंतु मराठी कान तो पाळतो.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. आपण परकी भाषा ऐकतो तीही आपल्या स्वनिमव्यवस्थेच्या चाळणीतून. इंग्रजीत द्राक्षाच्या मद्याचा आणि द्राक्षाच्या वेलीचा शब्द केवळ आद्य व्यंजनाने वेगळे होतात. मराठी भाषकाला दोन्ही ठिकाणी 'व' ऐकू येतो, कारण त्याच्या व्यवस्थेत त्या भेदाला कार्य नाही. यात कानाचा दोष नाही.

आपली प्रगती तपासा – १
(अ) पुढील जोड्यांपैकी कोणत्या लघुतम जोड्या आहेत? गाल–काल, गाई–घाई, माती–मोती, पान–पाऊस.
(आ) 'पंचमी' आणि 'घंटा' यांतील अनुनासिक हे भिन्न स्वनिम का मानता येत नाहीत?

३.३.५ विरोधांचे वर्गीकरण

स्वनिमांची यादी केली की काम संपले, असे त्रुबेत्स्कॉय मानत नाहीत. कोणताही स्वनिम एकटा नसतो. इतरांशी असलेल्या विरोधांनीच त्याचे स्वरूप ठरते. म्हणून त्यांनी विरोधांचे वर्गीकरण केले. मराठी उदाहरणांच्या आधारे त्याचा परिचय करून घेऊ.

व्यवस्थेतील स्थानावरून : 'त' आणि 'थ' दोन्ही अघोष दंत्य स्फोटक आहेत, आणि मराठीत असे हे दोनच आहेत. हा द्विपक्षी विरोध होय. 'प' आणि 'त' यांच्यातील समान अंश म्हणजे अघोष अल्पप्राण स्फोटकत्व. परंतु ते 'ट' आणि 'क' यांच्यातही आहे. हा बहुपक्षी विरोध होय.

पुनरावृत्तीवरून : 'त' आणि 'थ' यांत जे नाते, तेच 'ट' आणि 'ठ', 'द' आणि 'ध', 'ग' आणि 'घ' यांत आहे. 'न' आणि 'ण' यांचे नाते 'ल' आणि 'ळ' यांच्यात पुन्हा भेटते. हे प्रमाणबद्ध विरोध होत. ज्या विरोधाची अशी जोड व्यवस्थेत अन्यत्र मिळत नाही, तो एकाकी विरोध. जर्मनमधील 'र' आणि 'ल' यांचा विरोध असा आहे.

परस्परसंबंधावरून : 'क' आणि 'ग' यांत एकाजवळ घोष आहे आणि दुसऱ्याजवळ नाही. अशा विरोधाला अभावात्मक म्हणतात; गुण असलेला घटक चिन्हित आणि नसलेला अचिन्हित होय. 'ई', 'ए' आणि 'बॅट'मधील 'ॲ' यांत एकच गुण, म्हणजे मुखाचे उघडणे, पायरीपायरीने वाढतो. हा क्रमिक विरोध. 'प' आणि 'त' यांत मात्र गुणाचा अभाव नाही आणि पायरीही नाही; दोन्ही बरोबरीचे आहेत. हा समतुल्य विरोध होय.

आपल्या वर्णमालेतील क-वर्ग ते प-वर्ग ही मांडणी पुन्हा एकदा पाहा. आडव्या ओळीत स्थान एक आणि घोष-प्राण यांचे भेद. उभ्या रांगेत घोष-प्राण एक आणि स्थानांचे भेद. प्राचीन भारतीय ध्वनिचिंतकांनी उच्चारणाच्या आधारे रचलेल्या या तक्त्यात प्रमाणबद्ध विरोधांची रांगच आपल्याला पाहायला मिळते. लहानपणी पाठ केलेली वर्णमाला व्यवस्थेचे चित्र म्हणून कसे वाचावे, हे त्रुबेत्स्कॉय यांच्या वर्गीकरणामुळे कळते.

अर्थभेद करणे हे ध्वनिगुणांचे प्रमुख कार्य असले तरी ते एकमेव नाही, हेही त्यांनी दाखवले. चेक भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. त्यामुळे शब्द वेगळे ओळखता येत नाहीत. परंतु नवा शब्द कोठे सुरू झाला हे मात्र कळते. याला सीमादर्शक कार्य म्हणतात.

३.३.६ भेदलोप

काही विरोध सर्वत्र टिकतात, तर काही विशिष्ट जागी लोपतात. जर्मनमध्ये 'राट' म्हणजे सल्ला आणि 'राड' म्हणजे चाक. लेखनात शेवटचे व्यंजन वेगळे आहे. परंतु शब्दान्ती घोष टिकत नसल्याने दोन्ही शब्दांचा उच्चार 'राट' असाच होतो. पुढे स्वरादी प्रत्यय लागला की चाकाचा 'ड' पुन्हा प्रकट होतो. ज्या जागी विरोध मावळतो तेथे दोन्ही स्वनिमांचा केवळ समान अंश उरतो. त्रुबेत्स्कॉय यांनी त्यासाठी आदिस्वनिम ही संज्ञा वापरली.

मराठीत याच्या खुणा दूर शोधाव्या लागत नाहीत. अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावा, हा शुद्धलेखनाचा नियम आठवा. 'कवी', 'गुरू' असे आपण लिहितो आणि 'कविता', 'गुरुकुल' असे लिहिताना ऱ्हस्व करतो. शब्दान्ती ऱ्हस्व-दीर्घ भेद उच्चारात टिकत नाही, हे निरीक्षण या नियमामागे आहे. दुसरी खूण म्हणजे अनुस्वार. स्पर्शव्यंजनापूर्वी अनुनासिकाचे स्थान त्या व्यंजनावरून ठरत असल्याने ङ, ञ, ण, न, म यांपैकी कोणता, हे वेगळे लिहिण्याची गरज उरत नाही. एक बिंदू पुरतो. मात्र 'चिमटा' या शब्दात 'ट'पूर्वी 'म' स्पष्ट टिकतो, कारण मधला अकार केवळ उच्चारातून गळलेला आहे. अशा उदाहरणांवरून भेदलोपाची जागा नेमकी कोणती, हे काळजीपूर्वक ठरवावे लागते, हे आपल्या लक्षात येईल.

३.३.७ अखेरचे दिवस

१९३० च्या दशकात त्रुबेत्स्कॉय या सर्व विचारांचा एक सर्वसमावेशक ग्रंथ जर्मन भाषेत लिहीत होते. त्यासाठी त्यांनी सुमारे दोनशे भाषांच्या ध्वनिव्यवस्था अभ्यासल्या होत्या. दरम्यान हृदयविकाराने त्यांची प्रकृती खालावत होती.

याच काळात मध्य युरोपात वंशश्रेष्ठत्वाचा विचार सत्तेवर आला होता. १९३५ साली त्रुबेत्स्कॉय यांनी वंशवादाच्या विरोधात लेख लिहिला. माणसाची संस्कृती आणि विचार रक्ताने ठरतात, हा दावा त्यांनी त्यात खोडून काढला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. त्यानंतर गेस्टापोने त्यांच्या घराची झडती घेतली आणि त्यांचे कागदपत्र जप्त केले. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांच्या टिपणांवर हा आघात झाला. या धक्क्याने त्यांचा आजार बळावला.

रुग्णशय्येवर असताना ते ग्रंथाचा उर्वरित मजकूर सांगत राहिले. २५ जून १९३८ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथाची शेवटची सुमारे वीस पाने लिहायची राहिली होती आणि मजकुरावर अखेरचा हातही फिरवता आला नव्हता. प्राग मंडळाने १९३९ साली तो आपल्या ग्रंथमालेचा सातवा खंड म्हणून प्रसिद्ध केला. स्वनिमविज्ञानाची मूलतत्त्वे सांगणारा हा ग्रंथ आजही या विषयाच्या अभ्यासात आधारभूत मानला जातो.

३.३.८ विचाराचा पुढील प्रवास

त्रुबेत्स्कॉय यांच्या विरोधांच्या कल्पनेतून याकोब्सन यांनी पुढे भेदक लक्षणांचा सिद्धान्त विकसित केला. या सिद्धान्तात स्वनिम हा लक्षणांचा समुच्चय मानला जातो आणि प्रत्येक विरोध 'आहे–नाही' अशा दोन टोकांत मांडला जातो. त्यामुळे क्रमिक विरोधाला तेथे स्वतंत्र स्थान उरले नाही. चॉम्स्की आणि हॅले यांनी १९६८ मध्ये स्वनिमाच्या पातळीची आवश्यकताच नाकारली. चिन्हित-अचिन्हित ही कल्पना मात्र त्यांनीही वापरली. म्हणजे त्रुबेत्स्कॉय यांची सर्व मते आज जशीच्या तशी स्वीकारली जात नाहीत. परंतु नंतरच्या वादांची परिभाषा बऱ्याच अंशी त्यांनी घडवलेली आहे.

त्यांचा आणखी एक विचार आपल्या प्रदेशापर्यंत पोहोचला आहे. एका कुळातील नसूनही दीर्घ सहवासाने भाषा एकमेकींसारख्या होतात, हे त्यांनी बाल्कन प्रदेशातील भाषांच्या आधारे मांडले आणि अशा समूहासाठी स्वतंत्र संज्ञा सुचवली. १९५६ साली एमेनो यांनी हीच कल्पना भारताला लावून भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले. १९७१ साली गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या किती जवळ आल्या आहेत, याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

शेवटी आपल्या स्वतःच्या बोलण्याकडे वळू. वऱ्हाडी बोलीत अनेक जण 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोया' असा करतात. काही बोलींत 'पाणी' हा शब्द 'पानी' होतो. अशा उच्चारांना हसले जाते आणि बोलणारा वर्गात गप्प बसू लागतो. स्वनिमविज्ञान आपल्याला येथे निराळा प्रश्न विचारायला शिकवते. हा उच्चार प्रमाण भाषेपेक्षा वेगळा आहे का, एवढे विचारून अभ्यासक थांबत नाही. या बोलीत कोणते विरोध अर्थ वेगळे करतात, कोणते लोपले आहेत, आणि लोपलेल्या विरोधाचे काम दुसरे काही करते का, हे तो पाहतो. प्रत्येक बोलीला स्वतःची व्यवस्था असते. प्रमाण उच्चार शिकणे उपयोगाचे आहे; परंतु त्यासाठी घरचा उच्चार अशुद्ध ठरवण्याची आवश्यकता नाही. भाषेपुढे उच्च-नीच न मानता बसणे, ही या शास्त्राची पहिली अट आहे आणि त्रुबेत्स्कॉय यांनी ती आयुष्यभर पाळली.

आपली प्रगती तपासा – २
(अ) 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद लेखनात आहे. तो आपल्या उच्चारात टिकतो का? घरातील दोन व्यक्तींकडून हे शब्द वाक्यात म्हणवून घ्या आणि निष्कर्ष लिहा.
(आ) 'ट' आणि 'ठ' यांचा विरोध द्विपक्षी, प्रमाणबद्ध आणि अभावात्मक आहे, हे स्पष्ट करा.

३.४ सारांश

निकोलाय त्रुबेत्स्कॉय (१८९०–१९३८) यांनी कॉकेशसमधील भाषांच्या अभ्यासापासून सुरुवात करून ध्वनिव्यवस्थेचा सर्वसाधारण सिद्धान्त मांडला. स्वन ही उच्चारातील घटना, तर स्वनिम हा विशिष्ट भाषेतील अर्थभेदक विरोधांनी ठरणारा घटक आहे. लघुतम जोडी, वैकल्पिक रूपे आणि पूरक विनियोग यांच्या साहाय्याने स्वनिम निश्चित करता येतात. विरोधांचे वर्गीकरण व्यवस्थेतील स्थान, पुनरावृत्ती आणि परस्परसंबंध या तीन दृष्टींनी होते. काही विरोध विशिष्ट जागी लोपतात. मराठीतील अंत्य दीर्घत्व आणि अनुस्वार यांत त्याच्या खुणा दिसतात. स्थलांतर, हस्तलिखितांची हानी आणि छळ यांना तोंड देत हे कार्य झाले आणि त्यांचा मुख्य ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

३.५ पारिभाषिक शब्द

स्वन – प्रत्यक्ष उच्चारलेला भाषिक ध्वनी.
स्वनिम – अर्थभेदक विरोधात येणारा, भाषेच्या व्यवस्थेतील लघुतम घटक.
स्वनांतर – एकाच स्वनिमाचे परिसरानुसार येणारे रूप.
पूरक विनियोग – दोन स्वनांनी परस्परांच्या जागी कधीही न येणे.
भेदलोप – विशिष्ट जागी दोन स्वनिमांतील विरोध मावळणे.
आदिस्वनिम – भेदलोपाच्या जागी उरणारा दोन स्वनिमांचा समान अंश.

३.६ स्वाध्याय

(१) स्वनविज्ञान आणि स्वनिमविज्ञान यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
(२) त्रुबेत्स्कॉय यांच्या विरोधविचाराचा परिचय मराठी व्यंजनांच्या आधारे करून द्या.
(३) 'भेदलोप' या संकल्पनेवर टीप लिहा.
(४) क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या बोलण्यातील 'न–ण' आणि 'ल–ळ' यांच्या प्रत्येकी दहा शब्दांची नोंद करा. त्या बोलीत हे विरोध टिकले आहेत की लोपले आहेत, ते लघुतम जोड्यांच्या आधारे ठरवा.